पान उलटून बघा



आज आपण एका अगदी लहान शत्रूविषयी बोलणार आहोत. आणि तितक्याच लहान मित्रांविषयीही बोलणार आहोत. शत्रू कोण आणि मित्र कोण, हे ओळखता आले नाही तर आपल्याच हातून आपले नुकसान होते. म्हणून हे बोलणे.

उन्हाळा तापू लागला की परसातली वांगी, भेंडी, घेवडा यांची पाने बघा. आधी पानावर बारीक पांढुरके ठिपके दिसतात. मग पान फिकट पडते, पिवळे होते. कडा वाळतात आणि पान गळून जाते. रोग फार वाढला तर शेंड्यावर बारीक जाळी धरते. तिच्यावर धूळ बसते. कोणी म्हणते, "झाडाला ऊन लागलं." कोणी म्हणते, "दृष्ट लागली." पण ते पान तोडून उलटे करा. पानाच्या पाठीवर बारीक बारीक ठिपके चालताना दिसतील. हाच तो लाल कोळी.

कोळी म्हटले की आपल्याला घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा कोळी आठवतो. तो हा नव्हे. तो तर माशा-किडे खातो, आपल्या उपयोगाचा आहे. हा लाल कोळी फार लहान. अर्धा मिलिमीटरसुद्धा जेमतेम भरेल. रंग कधी तांबूस, कधी फिकट हिरवट. त्याला पाय आठ. किड्याला पाय सहा असतात. म्हणजे हा किडा नव्हे. म्हणूनच किड्यांवरची पुष्कळशी औषधे त्याला लागू पडत नाहीत.

हा कोळी सुईसारखे तोंड पानात खुपसतो आणि हिरवा रस शोषतो. जिथे शोषले तिथे पांढरा ठिपका पडतो. पान म्हणजे झाडाची चूल. झाडाचे अन्न तिथे शिजते. चुली विझल्या की झाड उपाशी राहते. मग फूल कुठले आणि फळ कुठले?

आता याची वाढ किती वेगाने होते ते बघा. कडक उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण वाढलेला कोळी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. एक मादी आपल्या आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. आपण पाटीवर हिशेब मांडू. शंभरातल्या पन्नासच माद्या जगल्या असे धरू. एकीच्या झाल्या ५०. त्या पन्नास जणींच्या झाल्या २,५००. त्यांच्या पुढच्या पिढीला झाल्या १,२५,०००. महिना-दीड महिन्यात एवढे होते!

मग तुम्ही विचाराल, "असं असेल तर सगळी झाडं केव्हाच मरायला हवी होती. ती जगली कशी?"

प्रश्न बरोबर आहे. याचे उत्तर असे की या कोळ्याला खाणारेही त्याच पानावर राहतात. ते रोज त्याला खातात, म्हणून हिशेब लाखावर जात नाही. त्यांची ओळख करून घेऊ.

पहिला मित्र म्हणजे एक काळा भुंगेरा. मोहरीच्या दाण्याएवढा, गोल, चकचकीत. लाल ढालीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आपण पाहिलेला असतो. हा त्याचाच धाकटा भाऊ. याचे मुख्य अन्न कोळी. एकेक भुंगेरा दिवसाला कितीतरी डझन कोळी खातो. त्याची अळी करड्या रंगाची, केसाळ. तीही कोळीच खाते. पण दिसायला ती चांगली नाही, म्हणून माणसे तिला चिरडून टाकतात!

दुसरा मित्र जाळीदार पंखांचा हिरवा किडा. त्याचे डोळे सोन्यासारखे चमकतात. रात्री दिव्यावर येतो. शेतीखात्याचे लोक त्याला क्रायसोपा म्हणतात. त्याची अंडी गमतीची असतात. पानावर केसासारखा पांढरा दांडा उभा असतो आणि त्याच्या टोकावर अंडे. पुष्कळांना ती बुरशी वाटते. ती बुरशी नव्हे. त्यातून निघणारी अळी मावा खाते आणि कोळीही खाते.

तिसरा मित्र एक बारीक फुलकिडा. फुलकिडे म्हणजे मिरचीचा शत्रू, हे आपल्याला माहीत आहे. पण त्यातली एक जात रस शोषत नाही, कोळी खाते. तिचा रंग पिवळसर आणि पंखांवर काळसर ठिपके असतात.

चौथा मित्र मात्र नवलाचा. तो स्वतःच एक कोळी आहे! कोळ्याला खाणारा कोळी. आकाराने लाल कोळ्याएवढाच. अंग गुळगुळीत, चमकदार. शत्रू पानावर हळू हळू फिरतो. हा मात्र भराभर धावतो. या धावण्यावरून त्याला ओळखावे.

या चौथ्या मित्राची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. युरोपात थंडी फार. तिथे काचेची घरे बांधून त्यांत काकडी पिकवतात. काचघरात ऊब असते, म्हणून लाल कोळीही माजतो. शेतकऱ्यांनी विषारी औषधे फवारली. पहिल्यांदा कोळी मेला. मग पुढच्या पिढ्यांना विष पचू लागले. औषध वाढवले तरी कोळी मरेना. अशात १९५८ साली जर्मनीत एक गोष्ट घडली. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातून तिथे ऑर्किडची फुलझाडे आली होती. त्यांच्याबरोबर कोणाला न कळत एक भक्षक कोळीही आला. तो लाल कोळ्यावर तुटून पडतो, असे अभ्यासकांना दिसले. दिवसाला पाच मोठे कोळी किंवा वीसेक अंडी तो फस्त करतो. पुढच्या दहा-बारा वर्षांत इंग्लंड आणि हॉलंडमधल्या काकडीच्या काचघरांत हा भक्षक मुद्दाम वाढवून सोडू लागले. आजही अनेक देशांत तो विकत मिळतो आणि शेतकरी तो झाडांवर सोडतात.

आपल्याला चिलीपर्यंत जायची गरज नाही. त्याच कुळातले भक्षक कोळी आपल्या देशात भेंडीवर, वांग्यावर, गुलाबावर निसर्गातच असतात. फक्त आपण त्यांना जगू दिले पाहिजे.

इथेच खरी अडचण आहे. उंदीर फार झाले म्हणून घरात सगळीकडे विष पसरले असे समजा. उंदीर मेले. पण मांजरही मेले. चार उंदीर बिळात वाचले. ते भराभर वाढले. आता त्यांना धरणार कोण? बागेत हेच होते. कडक औषध फवारले की काळा भुंगेरा मरतो, हिरवा किडा मरतो, भक्षक कोळी मरतो. लाल कोळी पानाखाली, जाळीच्या आड असतो. त्यातले काही वाचतातच. ते आठ-दहा दिवसांत पुन्हा वाढतात. मित्रांना परत यायला जास्त दिवस लागतात. १९४५ नंतर डीडीटी हे औषध बागांत वापरू लागले, तेव्हा अनेक देशांतल्या फळबागांत असाच कोळी माजला होता. आपल्या देशात १९८९ सालापासून शेतीत डीडीटी वापरायला बंदी आहे. पण इतर कडक औषधांनी आजही असे घडते. मग माणूस म्हणतो, "औषध कमी पडलं, अजून मारा." पैसा जातो आणि कोळी मात्र वाढतोच.

आणखी एक गोष्ट आहे. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. नाहीतर ती जून होते. काल औषध फवारले, आज भेंडी तोडली, आणि रात्री ती पोराच्या ताटात वाढली. हे आपण करतो की नाही, ज्याने त्याने मनाशी विचारावे. परसातली भाजी आपण घरच्यासाठी लावतो. तिच्यावर विष मारायचे असेल तर ती लावली कशाला?

"मग करावं तरी काय?" ते आता सांगतो.

चार दिवसांनी एकदा झाडांची पाने उलटून बघावीत. पांढरा कागद पानाखाली धरून पान झटकावे. कागदावर ठिपके चालू लागले की समजावे. हळू चालणारे किती, भराभर धावणारे किती, काळे भुंगेरे आहेत का, हे बघावे. मित्र दिसले तर आठ दिवस दम धरावा. नवी पाने स्वच्छ निघत असतील तर मित्र जिंकत आहेत. जुनी पिवळी पाने पुन्हा हिरवी होत नाहीत. त्यांच्याकडे बघून घाबरू नये.

सकाळी पानांच्या पाठीवर जोराने पाणी मारावे. लाल कोळ्याला कोरडी हवा आणि धूळ आवडते. पाण्याने तो धुऊन जातो, जाळी तुटते. रस्त्याकडेच्या झाडांना याची जास्त गरज असते. झाडाला पाण्याचा ताण पडू देऊ नये. बुडाशी पालापाचोळा घालावा. युरिया बेताने द्यावा. जास्त युरियाने पान लुसलुशीत होते आणि कोळ्याचे फावते.

ज्या पानांवर दाट जाळी आहे ती तोडून जाळावीत. पण आधी मित्र आहेत का ते पाहावे. काळे भुंगेरे असलेले पान सापडले तर ते कोळी पडलेल्या दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवावे. निरोगी झाडावर ठेवू नये, कारण पानाबरोबर थोडा लाल कोळीही जातो.

वाफ्याच्या कडेला कोथिंबीर, बडीशेप लावावी. थोडी कोथिंबीर न उपटता फुलू द्यावी. या फुलांतला मध आणि पराग खायला ढालकिडे आणि हिरवे किडे येतात, आणि बागेत राहतात.

एवढे करूनही कोळी आवरला नाही तर निंबोळीचा अर्क वापरावा. अर्धा किलो वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालावी. सकाळी फडक्याने गाळावी. थोडे साबणाचे पाणी घालून एकूण दहा लिटर करावे. हा अर्क रोगट झाडांवरच, पानांच्या पाठीवर, संध्याकाळी फवारावा. बाकीची झाडे मित्रांसाठी सोडावीत. त्याच्याही पलीकडे गेले तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात रोगट पान घेऊन जावे आणि विचारावे. दुकानदार देईल ती बाटली आणू नये.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. कोळी मुळापासून नाहीसा होणार नाही, आणि व्हायलाही नको. घरात एकही उंदीर नसेल तर मांजर दुसरे घर शोधते. थोडा कोळी राहिला तर त्याला खाणारेही राहतात. झाड चार पाने गमावील, पण फळ देईल. तेवढे आपण सोसावे.

आता आज ऐकले त्यातल्या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा.

पान उलटून बघितल्याशिवाय औषध फवारायचे नाही.

हळू चालणारा शत्रू, भराभर धावणारा मित्र.

आधी पाणी, मग निंबोळी, आणि मित्रांना जागा.

उद्या सकाळी पांढरा कागद घेऊन परसात जा. पोरांनाही बरोबर घ्या. त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात. काय काय दिसले ते पुढच्या बैठकीत सांगा. ते आपण सगळे मिळून फळ्यावर लिहू.