राहिलेली दोन वर्षं



संयोजकांनी मला माझ्या इंजिनिअरिंगच्या आणि सॉफ्टवेअरच्या प्रवासाबद्दल बोलायला सांगितलं होतं. त्यांची माफी मागून मी आज दुसऱ्याच एका पदवीबद्दल बोलणार आहे. ती पदवी माझ्या ताईची आहे.

ताई आपल्याच शाळेची, आपल्यापुढे चार वर्षं. सहलीचा हिशेब पैशापर्यंत जुळवून देणारी मुलगी म्हणून काही बाईंना ती नक्की आठवत असेल. १९९५ साली ती कराडच्या कॉलेजात बी.कॉम.चं पहिलं वर्ष पास झाली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आमचे बाबा गेले. मार्चमध्ये माझी दहावीची परीक्षा होती आणि लगेच तिची दुसऱ्या वर्षाची. आई अंथरुणाला खिळलेली, घर भेटायला येणाऱ्यांनी भरलेलं. घरात दोन परीक्षा निभणार नव्हत्या. मी परीक्षेला बसले, ती बसली नाही. जूनमध्ये ती एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागली.

मला पुढे सांगलीला इंजिनिअरिंगची फ्री सीट मिळाली, तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं. पण सीट फ्री असली तरी मेस, होस्टेल आणि पुस्तकं फ्री नव्हती. दर महिन्याच्या सात तारखेला ताईची मनिऑर्डर यायची. शाळेच्या गुणवंतांच्या फलकावर माझं नाव आहे. तो फलक पाहिला की मला दर वेळी सात तारीख आठवते.

२०२२ साली तिच्या पतसंस्थेत शाखाधिकाऱ्याची जागा निघाली. अट होती पदवीधराची. जागा मिळाली तिनेच काम शिकवलेल्या एका मुलाला. ताईने फोनवर एवढंच सांगितलं, "मुलगा चांगला आहे गं. पण आता माझ्या रजेच्या अर्जावर त्याची सही लागणार."

मी लगेच कामाला लागले. पुण्यात बसून दोन दिवसांत एका खासगी ऑनलाइन पदवीची माहिती काढली. खर्च लाखाच्या वर. शिवाय एका एजंटचा नंबर मिळाला. त्याचं म्हणणं, तिन्ही वर्षांची परीक्षा एकाच बैठकीत देता येईल, मागची तारीख टाकून गुणपत्रिका मिळेल. मला हे खटकलं होतं, खोटं कशाला बोलू? तरीही मी ते ताईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सव्वीस वर्षांत मी एक व्हाउचर मागच्या तारखेने केलं नाही. डिग्री करू?"

त्या रविवारी ती स्वतःच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर जाऊन आली. हे विद्यापीठ १९८९ पासून नाशिकला आहे, त्याची केंद्रं राज्यभर कॉलेजांमधून चालतात. आपण सगळ्यांनी त्याची पाटी शंभरदा पाहिली असेल. तिथे तिला एक गोष्ट कळली, जी इतक्या वर्षांत आम्हाला दोघींनाही माहीत नव्हती. तिचं पहिलं वर्ष वाया गेलेलं नव्हतं. १९९५ ची गुणपत्रिका दाखवून तिला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळणार होता.

खरी धावपळ कागदांची झाली. गुणपत्रिका पत्र्याच्या ट्रंकेत, बाबांच्या कागदांखाली सापडली. तिच्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला हवा, आणि लग्नाची नोंदणी केलेलीच नव्हती. ती केली. जुन्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र आणायला कोल्हापूरच्या दोन खेपा झाल्या. या सगळ्याला पाच आठवडे लागले. अभ्यासाला घाबरून नाही, तर या पाच आठवड्यांना कंटाळून कितीतरी बायका मागे फिरत असतील.

खर्च? दोन्ही वर्षांचा, फी, परीक्षा, एसटी सगळं धरून दहा हजारांच्या आत. पुस्तकं फीमध्येच मिळाली, मराठीतून. मी पैसे पाठवले तर तिने परत केले. "मनिऑर्डरची फेड करतेस का?" म्हणाली. मी करतच होते. तिने करू दिली नाही.

वर्ग रविवारी असायचे. अभ्यास पहाटे साडेचार ते सहा, कारण सहाला पाणी यायचं. सासूबाईंना आधी वाटलं, या वयात हे काय खूळ. परीक्षेच्या दिवशी त्यांनीच डबा भरून दिला. कॉस्ट अकाउंटिंगमधलं एक गणित अडलं म्हणून तिने मला व्हिडिओ कॉल केला. मी वीस मिनिटं ते गणित पाहत बसले आणि शेवटी कबूल केलं की मला येत नाही. मग तिनेच मला नावे आणि जमा समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता तिचं गणित सुटलं.

२०२४ साली ती पास झाली, अठ्ठावन्न टक्के. वय अठ्ठेचाळीस. शाखाधिकाऱ्याची जागा अजून निघालेली नाही. मी विचारलं, मग काय उपयोग झाला? ती म्हणाली, "पुढची निघेल तेव्हा अर्ज तरी भरता येईल ना. मागच्या वेळी फॉर्मच दिला नव्हता."

हे सगळं इथे सांगायला तिने परवानगी दिली, ती एका अटीवर. "रडू नकोस, आणि कागदांची यादी सांग." म्हणून सांगते.

आपल्या वर्गात एफ.वाय., एस.वाय.ला शिक्षण सुटलेले बरेच जण आहेत. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला दुकान सांभाळावं लागलं. घरी गेल्यावर जुनी गुणपत्रिका शोधा. सापडली नाही तर विद्यापीठाकडे दुसरी प्रत मागता येते. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. मग जवळच्या अभ्यासकेंद्रावर जाऊन स्पष्ट विचारा की माझं झालेलं वर्ष धरणार का. दिल्लीच्या इग्नूचीही केंद्रं आपल्याकडे आहेत, तिथेही चौकशी करा. प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाचं आणि अभ्यासक्रमाचं नाव यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पाहा. एका वर्षात तीन वर्षं उरकून देणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि "मुक्त विद्यापीठाची डिग्री चालत नाही" असं कुणी म्हणालं, तर सांगा की मान्यताप्राप्त मुक्त आणि दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

ज्यांना फॉर्म भरताना मदत लागेल त्यांनी मला फोन करावा. हिशेबाचा विषय अडला, तर मात्र ताईला करा.