ऐकलेलं पुन्हा म्हणा

(नरपड येथे परिचारिकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



१७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन. जागतिक आरोग्य संघटना तो २०१९ पासून पाळते. सुरक्षा म्हटलं की यंत्रं आठवतात. पण डहाणू-तलासरीत पेशंटचा जीव पुष्कळदा सिस्टरच्या एका वाक्यावर असतो.

झटके आलेली गरोदर बाई पाड्यावरून आरोग्य केंद्रात येते. मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस तिथेच देऊन तिला पुढे पाठवतात. कधी डहाणू, कधी कासा, कधी हद्दीपलीकडे वलसाड किंवा सिल्वासा. डोस किती आणि किती वाजता दिला हे चिठ्ठीवर नसेल, तर पुढची सिस्टर काय करणार? तोच डोस पुन्हा पडला तर श्वास मंदावू शकतो. पडलाच नाही तर झटके परत येऊ शकतात. म्हणून औषध, मात्रा आणि वेळ आकड्यांत लिहा, फोनवरही कळवा.

फोनवर ऑर्डर घेताना ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ सारखंच ऐकू येतं. आधी लिहून घ्या, मग वाचून दाखवा: “एक-पाच, पंधरा ना, सर?” होकार आल्यावरच औषध भरा.

डॉक्टरांना फोन करताना चार गोष्टी सांगा: आत्ता काय होतंय, आधीचं काय, मला काय वाटतं, काय हवं. “सर, सिकलसेलचा मुलगा आहे. सकाळपासून छातीत दुखतंय, आता धाप लागलीय, ऑक्सिजन ९० वर आलाय. मला हे साधं वाटत नाही. तुम्ही लगेच येऊन बघा.” नुसतं “पेशंट बरा नाही” म्हटलं, तर घाई कुणाला कळणार?

आणि पेशंटशी बोलताना? एखादी वारली बाई भिडेपोटी प्रत्येक गोष्टीला मान हलवते. “समजलं का?” असं विचारू नका. “घरी गेल्यावर ही गोळी कशी घेशील, सांग बघू,” असं विचारा. मराठी अडत असेल तर बोली जाणणाऱ्या आशाताईंना बोलवा.

यातल्या कशालाही वरून हुकूम यावा लागत नाही. आपलं काम आपणच तपासायचं, शंका आली की विचारायचं, हेच स्वयंनेतृत्व. डोसबद्दल विचारणं हा उद्धटपणा नाही. मोठ्या सिस्टरांना माझी विनंती आहे: नवी मुलगी प्रश्न विचारेल तेव्हा तिला गप्प करू नका. आज गप्प बसलेली मुलगी उद्या चुकीचा डोस दिसला तरी बोलणार नाही.