शर्यतीची नौका आणि मद्यार्क

शर्यतीच्या नौकेला इंधन कोणते घालावे? ‘जास्त जोरकस असेल ते,’ असे तुम्ही चटकन म्हणाल. पण जोर इंधनात किती आणि इंजिनात किती, हे आधी पाहू या.

आपल्या कोल्हापुरात ऊस उदंड. त्याच्या मळीतून मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, निघतो. तो वजनागणिक पेट्रोलपेक्षा बरीच कमी उष्णता देतो. मग २००७ साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या मोटार-शर्यतीत तोच का घेतला? गोम हवेत आहे, बरं का! १ किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. मद्यार्काला ९ किलो पुरते. तितक्याच हवेत तो दीडपटीहून अधिक जाळता येतो आणि उष्णतेची तूट भरून निघते. शिवाय वाफ होताना तो हवा थंड करतो. दाब वाढवला तरी इंजिन ठोके देत नाही. मात्र इंजिनच कमी दाबाचे असेल, तर टाकी तेवढी लवकर रिकामी होईल.

नौकेपुढे आणखी एक अडचण आहे. मद्यार्क पाणी ओढतो. मिश्र पेट्रोलमध्ये पाणी फार झाले, की दोघे मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि इंजिन बंद पडते. शर्यतीत फार तर बक्षीस जाईल. पण ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा अशा यांत्रिक बोटींवर माणसांचे प्राण अवलंबून होते. आज पंपावरच्या पेट्रोलमध्येही २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. तेव्हा गावच्या बोटीतले जुने पेट्रोल पावसाळ्यापूर्वी काढा, ताजे भरा आणि इंजिन एकदा चालवून पाहा.