सुट्टीच्या यादीतील चार दिवस

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्यात सेवानिवृत्त शिक्षकाने मुलांस अभ्यासाचा उपदेश करावा, अशी आपल्याकडे प्रथा आहे. ती आज आम्ही मोडणार आहोत. गेल्या वर्षी आपल्या ज्ञातीच्या संतांच्या पुण्यतिथीस सार्वजनिक सुट्टी मिळावी, असा अर्ज मंडळाने शासनाकडे पाठविला. त्याचा मसुदा करण्याचे काम चिटणीसांनी आमच्यावर सोपविले. (उत्तर अद्याप आलेले नाही, ते असो.) त्या निमित्ताने सुट्ट्यांची सरकारी अधिसूचना आम्ही उभ्या आयुष्यात प्रथमच शेवटपर्यंत वाचली. ३६ वर्षे त्या सुट्ट्या उपभोगल्या होत्या, वाचल्या मात्र नव्हत्या.

मौज अशी की, या सुट्ट्या १८८१ च्या एका कायद्याच्या २५ व्या कलमाखाली जाहीर होतात, आणि तो कायदा आहे हुंड्या व धनादेश यांचा! हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर काय करावे, एवढेच त्या कलमास सांगावयाचे होते. देवाधर्माचे दिवस सरकारदरबारी मान्य होतात ते अशा सावकारी दारातून.

त्या यादीत मुसलमान बांधवांचे चार दिवस आहेत: रमझान ईद, बकरी ईद, मोहरम आणि ईद-ए-मिलाद. केंद्र सरकारच्या दिल्लीबाहेरील कचेऱ्यांस ज्या १४ सुट्ट्या आवश्यक म्हणून ठरलेल्या आहेत, त्यांतही हे चार आहेत. पैकी ईद-ए-मिलाद म्हणजे पैगंबरांचा जन्मदिवस. त्याची राष्ट्रीय सुट्टी १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान असताना, जाहीर झाली. मोहरमची सुट्टी त्या महिन्याच्या दहाव्या दिवसाची. इ. स. ६८० मध्ये करबला येथे पैगंबरांचे नातू इमाम हुसेन मारले गेले, तो हा दिवस. आमच्या लहानपणी गावात ताबूत निघत, आम्हीही त्यांच्यामागून धावत असू. सांगली जिल्ह्यात कडेगावचे उंच ताबूत पाहावयास तर हिंदू-मुसलमान दोघेही लोटतात. तरीही, सांगावयास संकोच वाटतो, शिक्षक झाल्यावर आम्ही एका पालकांस हसतमुखाने 'मोहरमच्या शुभेच्छा' दिल्या होत्या! ते गृहस्थ 'आभारी आहे, गुरुजी' एवढेच म्हणाले.

या चार दिवसांपुढे अधिसूचनेत एक सावधगिरी असते, ती चंद्रदर्शनाची. त्यांचे वर्ष ३५४ वा ३५५ दिवसांचे. आपल्यासारखा अधिक महिना त्यांस नाही. त्यामुळे सण दरवर्षी १०-११ दिवस मागे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांनी फिरून त्याच ऋतूत येतो. शिवाय चंद्र दिसला नाही तर ईद दुसऱ्या दिवशी. छापील तारीख ही अशी अंदाजाची असते.

तारीख हलविणे अवघड असते असेही नाही. २०२३ साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईत भायखळ्याच्या खिलाफत हाऊसहून निघणारी मिरवणूक मुसलमान पुढाऱ्यांनी आपण होऊन एक दिवस पुढे नेली. गणपती विसर्जनास वाट मोकळी झाली. मग शासनाने २९ तारखेची सुट्टी दिली. २०२४ साली मुंबई शहर व उपनगर जिल्ह्यांपुरती सुट्टी १६ सप्टेंबरऐवजी १८ ला, आणि २०२५ साली ५ ऐवजी ८ सप्टेंबरला गेली. पहिल्या वर्षीचा क्रम ध्यानात घ्यावा. शेजाऱ्यांचे आधी ठरले, आणि सरकारी कागद मागाहून निघाला.

आमच्या शाळेत याच्या नेमके उलट घडले. १९९१-९२ च्या सुमारास रमझान ईद एप्रिलात, म्हणजे ऐन वार्षिक परीक्षेत येत असे. एका वर्षी छापील तारखेस शाळा बंद ठेवली. चंद्र दिसला नाही आणि ईद दुसऱ्या दिवसावर गेली. त्या दिवशी सातवीचा गणिताचा पेपर होता. सकाळी ही गोष्ट साऱ्या गावास ठाऊक होती, आम्हांसही होती. परंतु लेखी आदेश हाती नव्हता. पेपर झाला. वर्गातील चार मुसलमान मुलांपैकी तिघे आलेच नाहीत. चौथा, एका तांबोळी दुकानदाराचा मुलगा, नवा सदरा घालून, अत्तर लावून आला, अर्ध्या तासात पेपर देऊन पळाला. तिघांपुढे तांबड्या शाईने 'गैरहजर' असे लिहिले ते आमच्या हाताने. त्यांतला एक वर्गात पहिला-दुसरा येणारा होता. पुढच्या वर्षी तो शाळेत दिसला नाही. दुसऱ्या गावी घातला असे कळले. कारण आम्ही विचारले नाही.

त्याच दिवशी सायंकाळी त्या मुलाचे वडील आमच्या घरी शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले होते. दरवर्षी येत, तसेच. पेपराविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि आम्हीही डबा ठेवून घेतला.

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ मंडळी आज शिक्षक आहेत, दोघे-तिघे मुख्याध्यापकही आहेत. ते येथे बसलेले आम्हांस दिसत आहेत. परीक्षेचे वेळापत्रक तेच लावतात. ईदच्या छापील तारखेपुढचा एक दिवस त्यांनी रिकामा सोडावा, अशी आमची त्यांस विनंती आहे. त्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.