पोलादी सायकलीची पारख

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालेला सायकलस्वार राजूर घाटाच्या उताराला लागतो आणि कॅरिअरवरील बोजा वळणावळणाला डोलू लागतो, तेव्हा त्याच्या सायकलीच्या फ्रेमची खरी परीक्षा सुरू होते. रोज कचेरी गाठणे आणि सवड मिळताच लोणार किंवा शेगावपर्यंत मुशाफिरी करणे, ही दोन्ही कामे एकाच सायकलीकडून घ्यावयाची असतील, तर मी निःशंकपणे पोलादाची शिफारस करीन; कारण अतिभाराने पोलाद सहसा तुटण्यापूर्वी वाकते, आणि साध्या पोलादाचा सुटलेला सांधा तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरची अवजारे जोडणारा वेल्डरही सांधून देतो. क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त पोलाद अधिक बळकट, म्हणून त्याची नळी पातळ ठेवून वजन घटविता येते.

खरेदीच्या वेळी रंगावर भुलू नये. मागील चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या लांब असाव्यात, म्हणजे पायडल मारताना टाच कॅरिअरला लटकवलेल्या पिशवीवर आदळत नाही. आणि टायर व मडगार्ड यांच्यामध्ये ऐसपैस जागा असावी, कारण येथील काळी माती पावसात चाकाला लिंपून बसते. पावसाळ्यापूर्वी सीटची दांडी उपसून नळीत थोडे तेल अवश्य सोडावे. गंज आतूनही लागतो.