शोकाच्या पुस्तकाचा सिनेमा

मरणाने भारलेल्या लाडक्या पुस्तकावर सिनेमा निघाला की मराठी साहित्यविश्वातली पहिली तक्रार ठरलेली असते : पुस्तकातले सगळे आले नाही. ही तक्रार निरर्थक आहे. शोकाच्या कादंबरीचा जीव असतो मागे उरलेल्या माणसात. पटकथेने चार प्रकरणे गाळली तर काही बिघडत नाही. तो माणूस गाळला तर मात्र उरतो तो नुसता प्रसंगांचा ढीग.

‘श्यामची आई’ हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहायला घेतले. पुस्तकातला श्याम मोठा झालेला आहे. रात्री प्रार्थनेनंतर तो आश्रमातल्या सोबत्यांना आठवणी सांगतो. म्हणजे पहिल्या रात्रीपासून आई गेलेलीच आहे. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून पोर हट्ट धरते आणि आई धोंडीवर ओचा पसरते, हा प्रसंग वाचताना गळा दाटतो तो यामुळे. पडद्यावर मात्र ओचा आत्ता, डोळ्यांसमोर पसरला जातो आणि आई जिवंत असते. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये शोकाचा सगळा भार वनमाला आणि लहानग्या माधव वझे यांच्या अभिनयावर टाकला. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्या चित्रपटाला मिळाले. सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये चित्रपट कृष्णधवल केला आणि ओम भूतकर यांच्या रूपाने साने गुरुजींनाच पडद्यावर आणले. पुस्तकाच्या घडणीला हा दुसरा मार्ग अधिक जवळचा आहे.

मृत्यूनंतरचे जग दाखवायची वेळ आली की दिग्दर्शक धूर, पांढरी वस्त्रे आणि घुमणारे आवाज यांच्या आहारी जातात. त्याची गरज नसते, हे महेश मांजरेकर यांच्या ‘काकस्पर्श’ने २०१२ मध्ये दाखवून दिले. उषा दातार यांच्या कथेवरचा हा चित्रपट कोकणातला आहे. धाकटा भाऊ महादेव जातो, पिंडाला कावळा शिवत नाही, आणि थोरला हरी मृताला मनोमन एक वचन देतो. कावळा शिवतो. वचन काय होते ते प्रेक्षकाला शेवटीच कळते. परलोकाचे एकही दृश्य नाही, तरी मेलेला माणूस जिवंतांच्या संसारावर वर्षानुवर्षे सत्ता गाजवतो. गेवराई तालुक्यात राक्षसभुवनला गोदाकाठी दहाव्याला बसलेल्या कुठल्याही घराला हे उलगडून सांगावे लागत नाही. कावळ्याची वाट पाहणारी माणसे पडद्यावर नीट दिसली, की परलोक दाखवून झाला.

सिनेमा म्हणजे साहित्याचा धाकटा, वाया गेलेला भाऊ, असे मानणाऱ्यांनी संमेलनांचाच इतिहास तपासावा. अत्रे १९४२ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष होते. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला १९८३ मध्ये अखिल भारतीय संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. पुढे १९९५ मध्ये अमोल पालेकर यांनी माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरीवर चित्रपट केला, तेव्हा पटकथा माडगूळकरांनीच लिहिली. त्या कादंबरीत कारभारी मरतो आणि शेवटी दुष्काळात अख्खी वाडी ओस पडते; तिथे सुतक गावाचेच असते. आपल्याच पुस्तकाला कात्री लावायला लेखक स्वतः बसला, त्याला ते पाप वाटले नाही. मग वाचकांनी सोवळे कशासाठी पाळावे?

हा प्रश्न बीडला जास्त लागू पडतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि वस्तीवर म्हातारी माणसे उरतात. मागे कुणी गेले तर मुलगा फडात कोयता टाकून, मुकादमाची उचल डोक्यावर घेऊन मातीला धावतो. कित्येकदा पोचतही नाही. दूर राहिलेल्या मुलाचा हा शोक मराठी कादंबरीने पुरता लिहिलेला नाही आणि पडद्यानेही पुरता दाखवलेला नाही. पुस्तकाच्या पावित्र्यावर परिसंवाद घेण्यापेक्षा जिल्ह्यातल्या साहित्य संस्थांनी पटकथालेखनाची शिबिरे भरवावीत, आणि पहिल्या रांगेत टोळीवर जाऊन आलेल्या पोरांना बसवावे.