चुकांची वही
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. चिटणीसबाईंनी "चार शब्द बोलाच" असा आग्रह धरला, म्हणून उभी राहिले आहे. बोलणार आहे ते माझ्याच एका फजितीविषयी. जुन्या सभासद तर आताच हसू लागल्या आहेत!

एका दिवाळीला मंडळाने चकल्यांची मोठी मागणी घेतली होती. १० किलो भाजणी माझ्या स्वाधीन होती. मी मोहन घातले, तेवढ्यात दारी तेलाचे डबे आले म्हणून उठले. मागे दुसऱ्या भगिनीने, राहिले असेल असे समजून, पुन्हा मोहन घातले. आणि मी मोठी अनुभवी! एकही चकली तळून न पाहता सगळे पीठ भिजवून घेतले. पहिला घाणा कढईत सोडला नि चकल्या तेलात विरून गेल्या. कोरडी भाजणी मिसळून पीठ सावरता आले असते, पण ती शिल्लक ठेवली होती कुणी? आगाऊ घेतलेले पैसे परत करावे लागले.

त्यानंतर दोन महिने मी मंडळात पाऊल टाकले नाही. रस्त्यात सभासद दिसली की पलीकडच्या बाजूने जाई. मला वाटे, हा माझा पश्चात्ताप. खरे सांगू? तो पश्चात्ताप नव्हताच. चारचौघी मला काय म्हणत असतील, याचाच तो घोर होता. मंडळाचे नुकसान कसे भरून निघेल, हा विचार एकदाही मनात आला नाही.

शेवटी आमच्या खजिनदार काकू घरी आल्या. मला वाटले, समजूत घालतील. त्यांनी पिशवीतून वही काढली नि म्हणाल्या, "रडून झालं असेल तर सांग, मोहन घालून उठलीस ते कुणाला सांगून उठलीस?"

कुणालाच नाही! दोन महिने स्वतःला वेंधळी, नालायक म्हणत होते, पण एवढी साधी गोष्ट मला दिसली नव्हती. काकूंनी ती मलाच लिहायला लावली. मोहन घातले की वहीत खूण करायची, आणि एक घाणा तळून पाहिल्याखेरीज बाकीचे पीठ भिजवायचे नाही, हा आपला रिवाज तेव्हापासूनचा.

लाज वाटूच नये, असे माझे म्हणणे नाही. गिऱ्हाइकांच्या दारी जाऊन मी माफी मागितली, पण तीही काकू येऊन गेल्यावर. ते काम फार जड गेले.

'लिज्जत'च्या भगिनींची हकिगत पुष्कळजणींना ठाऊक असेल. १९५९ साली गिरगावात ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात. चार महिने काम बंद! पुढल्या वर्षी त्यांनी एक खाट नि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. बाहेर पाऊस पडेना का! आरंभी त्या हलक्या प्रतीचा स्वस्त पापडही करीत. छगनलाल पारेख यांनी सांगितल्यावर तो बंद केला. १९६१ साली मालाडला शाखा काढू गेल्या, ती जमली नाही. तरी १९६८ साली गुजरातेत वालोडला काढलीच.

असो. आपली वही बाहेर पानसुपारीच्या टेबलावर ठेवली आहे. पहिले पान माझ्याच अक्षरात आहे. पुढली बरीच कोरी आहेत. ज्यांना ती भरायची असतील त्यांनी यंदाच्या फराळाच्या कामाला जाता जाता नाव द्यावे.